धूळ, नांगर आणि सरकारी तिजोरी

अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९३३ ते १९४३ या दहा वर्षांत हजारो चित्रकार, छायाचित्रकार, नट, लेखक आणि वादक यांना पगार दिला. बहुतेकांना कामावर घेण्याचे कारण साधे होते. मंदीत त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. पण त्यातल्या एका लहान गटाकडून सरकारला आणखी काही हवे होते. देशाच्या मध्यभागातल्या मैदानांवरची शेतजमीन वाऱ्याने उडून चालली होती. ती का उडते, थांबवायला काय करावे लागेल आणि त्यासाठी साऱ्या देशाचा पैसा का लागावा, हे न्यूयॉर्कच्या मतदाराला आणि काँग्रेसमधल्या प्रतिनिधीला पटवण्याचे काम या गटाकडे आले. हवामानाच्या संकटावर लोकांनी काही करावे म्हणून कलेला सरकारी निधी देण्याची पद्धत आज आयर्लंड, स्कॉटलंड अशा देशांत रुळते आहे. तिचे एवढे मोठे आणि एवढे वादग्रस्त जुने उदाहरण क्वचितच सापडेल.

कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा आणि टेक्सस ही राज्ये जिथे एकमेकांना भिडतात तो प्रदेश मुळात कोरडा. झाड विरळ, वारा कायमचा, आणि जमिनीवर बुटक्या गवताचे दाट आच्छादन. या गवताच्या मुळांनीच माती धरून ठेवली होती. कोमँची, कायोवा या जमातींना तिथून हटवल्यावर आधी गुरांचे कळप आले आणि मागोमाग शेतकरी आले. १८६२च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर मोफत मिळत. कोरड्या प्रदेशात एवढ्यावर भागत नाही म्हणून १९०९ साली ही मर्यादा ३२० एकर झाली. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला दोन डॉलरवर गेला, ट्रॅक्टर स्वस्त झाले, आणि तव्यांच्या नांगराने एका दिवसात कित्येक एकर गवत उलथता येऊ लागले. १९२५ ते १९३० या काळात दक्षिणेकडच्या मैदानांवर पन्नास लाख एकरांहून अधिक नवी जमीन नांगराखाली आली. मग भाव कोसळला. तोटा भरून काढायला शेतकऱ्यांनी आणखी जमीन नांगरली. १९३१ साली विक्रमी पीक आले, भाव आणखी पडला, आणि त्यानंतर पावसाने पाठ फिरवली.

मे १९३४च्या वादळाने मैदानांवरची माती शिकागो, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर आणून टाकली. अटलांटिकमधल्या जहाजांच्या डेकवरही ती सापडली. १४ एप्रिल १९३५ला, म्हणजे पुढे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या दिवशी, आलेल्या वादळात भर दुपारी अंधार झाला. दुसऱ्या दिवशी असोसिएटेड प्रेसचा वार्ताहर रॉबर्ट गायगर याच्या बातमीतून ‘डस्ट बोल’ हे नाव देशभर गेले. त्याच वसंत ऋतूत मृदासंधारणाचा पुरस्कर्ता ह्यू बेनेट काँग्रेसच्या समितीपुढे बोलत असताना धुळीचा ढग राजधानीवर पोहोचला, आणि त्याने साक्ष मुद्दाम लांबवून सदस्यांना खिडकीबाहेर पाहायला लावले, अशी कथा सांगतात. कथेत तिखटमीठ असेल, पण २७ एप्रिल १९३५ला मृदासंधारणाचा कायदा झाला हे खरे. बेनेटला त्या दिवशी निसर्गाने साथ दिली. एरवी धूळ मागणीबरहुकूम शहरात येत नाही. तिचे चित्रच शहरात न्यावे लागते.

चित्र नेणारे हात सरकारकडे दोन वेगळ्या वाटांनी आले, आणि पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवणे भाग आहे. पहिली वाट बेकारांच्या मदतीची. मे १९३३ मध्ये जॉर्ज बिडल या चित्रकाराने आपला शाळासोबती राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पत्र लिहून मेक्सिकोचे उदाहरण दिले. तिथल्या क्रांतीनंतरच्या सरकारने चित्रकारांना साध्या मजुरीवर सार्वजनिक भिंती रंगवायला दिल्या होत्या. डिसेंबर १९३३ ते जून १९३४ या अवधीत ‘पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट’ने साडेतीन हजारांहून अधिक कलावंतांना काम दिले आणि पंधरा हजारांहून अधिक कलाकृती गोळा केल्या. १९३५ साली डब्ल्यूपीए या रोजगार खात्याखाली चित्रकला, संगीत, नाटक आणि लेखन यांचे प्रकल्प सुरू झाले. त्यांना मिळून ‘फेडरल वन’ म्हणत. इथे पात्रतेची पहिली अट गरज ही होती. काय रंगवायचे, काय लिहायचे यावर खात्याचे बंधन तुलनेने सैल होते.

दुसरी वाट कामाच्या गरजेची. एप्रिल १९३५च्या अखेरीस स्थापन झालेल्या ‘रिसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’कडे नापीक जमीन विकत घेणे, कुटुंबे हलवणे, कर्ज देणे, स्थलांतरित मजुरांसाठी छावण्या उभारणे अशी कामे होती. तिचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल हे कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या योजनांना वर्तमानपत्रे साम्यवादी ठरवत, काँग्रेसमध्ये त्यांचे मित्र कमी. या खात्याला कलावंत पोसायचे नव्हते. आपली बाजू मांडणारी माणसे हवी होती. टगवेल यांनी आपला जुना विद्यार्थी रॉय स्ट्रायकर याला बोलावून ‘हिस्टॉरिकल सेक्शन’ नावाचा विभाग त्याच्या हाती दिला. नाव अभिलेखागाराला शोभणारे, काम छायाचित्रांचे.

स्ट्रायकर स्वतः छायाचित्रकार नव्हता, आणि ते बरेच झाले. त्याला शेतीचे अर्थशास्त्र कळत होते. कार्ल मायडन्स दक्षिणेत कापसाची छायाचित्रे काढायला निघाला तेव्हा कापसाबद्दल त्याला काहीच ठाऊक नाही हे पाहून स्ट्रायकरने त्याचा प्रवास थांबवला आणि दिवसभर बसवून बियाण्यापासून बाजारापर्यंतचे सगळे सांगितले. छायाचित्रकारांना तो विषयांच्या लांबलचक याद्या पाठवी. वॉकर इव्हान्स, बेन शान, आर्थर रॉथस्टाइन, डोरोथिया लँग, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोलकॉट आणि पुढे गॉर्डन पार्क्स अशी नावे या विभागाच्या पगारपत्रकावर होती. काढलेले प्रत्येक छायाचित्र सरकारी मालकीचे. वर्तमानपत्रांना आणि मासिकांना ते फुकट मिळे. याला एक काळी बाजूही आहे. न आवडलेल्या निगेटिव्हला स्ट्रायकर छिद्र पाडून बाद करी. हजारो निगेटिव्हांवर ही भोके आजही दिसतात, आणि चांगल्या सरकारी अधिकाऱ्यालाही संपादकाची कात्री दिली की काय होते याचा तो पुरावा आहे.

रॉथस्टाइन जेमतेम विशीतला होता. एप्रिल १९३६ मध्ये ओक्लाहोमाच्या सिमरॉन काउंटीत त्याने एक छायाचित्र काढले: धुळीच्या झोतात वाकून चालणारा शेतकरी, सोबत दोन मुले, मागे वाळूत अर्धी बुडालेली खोली. धुळीच्या दशकाची ओळख म्हणून पाठ्यपुस्तकांत आजही बहुधा हेच छापले जाते. पुढच्याच महिन्यात दक्षिण डाकोटात त्याला भेगाळलेल्या जमिनीवर बैलाची पांढरी कवटी दिसली. उजेड आणि सावलीचा खेळ पाहत त्याने ती थोड्या थोड्या अंतरावर हलवून अनेक छायाचित्रे घेतली. साल निवडणुकीचे होते. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर रेल्वेने निघाले असताना उत्तर डाकोटातल्या फार्गोच्या वर्तमानपत्राने ही वेगवेगळी छायाचित्रे पुढे करून सरकार दुष्काळ सजवून दाखवते असा आरोप केला, आणि विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. दुष्काळ खरा होता, कवटीही खरी होती. तरीही एका कवटीच्या काही फुटांच्या हालचालीने सगळ्या संग्रहावर संशय आला. खासगी छायाचित्रकाराने हेच केले असते तर कुणी विचारलेही नसते. सरकारी पैशातून काढलेल्या छायाचित्राला मात्र पुराव्याची कसोटी लागते, हे या विभागाला फार लवकर कळले.

लँगने मार्च १९३६च्या सुमारास कॅलिफोर्नियात निपोमो इथल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे तिच्या मुलांसह छायाचित्र काढले. पीक गारठून गेल्यामुळे तळावर काम नव्हते आणि अन्नही नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात लँगच्या छायाचित्रांसह ही बातमी आल्यावर वीस हजार पौंड धान्य आणि खाद्यपदार्थ तिथे रवाना झाले. सरकारी छायाचित्राने थेट काही घडवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. पण ज्या बाईचा चेहरा जगभर गेला ती मदत पोहोचण्याआधीच कुटुंबासह तळ सोडून गेली होती, आणि छायाचित्र सार्वजनिक मालमत्ता असल्याने पुढेही तिला त्यातून काही मिळाले नाही. ती चेरोकी वंशाची होती, आणि कॅलिफोर्नियात पहिल्यांदा आली ती धुळीच्या वादळांच्या आधी. मुळात कॅलिफोर्नियाकडे गेलेल्यांपैकी बरेच जण धुळीच्या पट्ट्यातले नव्हतेच. पूर्व ओक्लाहोमा, आर्कान्सा, मिसुरी इथल्या कापसाच्या शेतांवरून, यंत्रांनी आणि पडलेल्या भावांनी हुसकलेली कुळे ती. चित्रांच्या माऱ्यात हे दोन प्रवाह मिसळून गेले आणि लोकांच्या मनात सगळ्यांचे कारण धूळ हेच ठरले.

छायाचित्र स्वस्त होते, चित्रपट महाग. टगवेल यांच्या खात्याने तोही करून पाहिला. पेअर लोरेंझ हा वेस्ट व्हर्जिनियाचा चित्रपट समीक्षक; त्याने तोवर एक फूट फिल्मही चित्रित केलेली नव्हती. सहा हजार डॉलरच्या अंदाजपत्रकावर त्याने मैदानांवरचा अनुबोधपट करायला घेतला आणि १९३५च्या शरद ऋतूत राल्फ स्टायनर, पॉल स्ट्रँड आणि लिओ हर्विट्झ या तिघा छायालेखकांना घेऊन मोंटानापासून टेक्ससपर्यंत खाली उतरला. तिघेही डावे. जमिनीच्या नाशाचे मूळ नफ्याच्या व्यवस्थेत आहे असे चित्रपटाने उघड म्हणावे हा त्यांचा आग्रह, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची पटकथाही लिहून काढली. लोरेंझला गवत आणि नांगर यांची गोष्ट सांगायची होती. भांडण मिटले नाही. चित्रपट लोरेंझच्या मनासारखा झाला. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी जुनी दृश्ये विकायला नकार दिला, कारण सरकारने चित्रपट काढणे म्हणजे त्यांच्या धंद्यात पाय घालणे. शेवटी दिग्दर्शक किंग व्हिडोरच्या मध्यस्थीने काही दृश्ये मिळाली. संगीत व्हर्जिल थॉमसनचे. त्याने गुराख्यांची गाणी आणि चर्चमधल्या प्रार्थनांच्या चाली त्यात गुंफल्या. खर्च एकोणीस हजार डॉलरच्या पुढे गेला.

‘द प्लाउ दॅट ब्रोक द प्लेन्स’ हा जेमतेम अर्ध्या तासाचा चित्रपट. गवताळ माळ, गुरे, पहिले कुंपण, पहिला नांगर, मग महायुद्ध. इथे लोरेंझने रणगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग एकामागून एक लावली आहे, आणि गव्हाची धार व तोफांचा मारा एकाच लयीत चालतो. मग शेअर बाजाराचे यंत्र, जाझचा ढोल, आणि एकदम शांत, पांढरी, भेगाळलेली जमीन. निवेदन त्रोटक, जवळजवळ मंत्रासारखे. त्या काळातल्या सरकारी माहितीपटांत आकडे आणि उपदेश यांचाच भरणा असे. इथे माणसे फारशी बोलतच नाहीत. चित्रपटाचे सर्वांत कमजोर अंग म्हणजे शेवट, जिथे खात्याने उभारलेली नवी घरे आणि पुनर्वसित कुटुंबे दाखवली होती. नेमका तोच भाग खात्याच्या कामाचा होता, आणि तोच पुढे कापला गेला.

पहिला जाहीर खेळ १० मे १९३६ला वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात झाला. मोठ्या वितरकांनी चित्रपट घेतला नाही. लांबी अडचणीची आहे असे कारण पुढे आले. न्यूयॉर्कच्या रिआल्टो थिएटरच्या मालकाने मात्र हॉलिवूडने नाकारलेला चित्रपट म्हणून जाहिरात करून तो लावला. त्यानंतर सुमारे तीन हजार स्वतंत्र चित्रपटगृहांनी तो दाखवला. शहरांत कौतुक झाले, आणि ज्या मैदानांची ही गोष्ट होती तिथे संताप उसळला. टेक्ससच्या पट्ट्यातले व्यापारी आणि राजकारणी म्हणू लागले की सरकार आमच्या पैशाने आमचीच बदनामी करते, आता इथे कर्ज कोण देणार आणि जमीन कोण विकत घेणार. ही तक्रार निव्वळ अहंकाराची नव्हती. जमिनीची किंमत खरोखरच पडत होती, आणि टिकून राहिलेल्या शेतकऱ्यांना स्वतःला गुन्हेगार म्हणून पडद्यावर पाहायचे नव्हते. १९३९ साली चित्रपट वितरणातून काढून घेण्यात आला.

लोरेंझला दुसरी संधी मिळाली ती मोठ्या अंदाजपत्रकासह, पन्नास हजार डॉलरची. ‘द रिव्हर’ या चित्रपटाचा विषय मिसिसिपी नदी: वरच्या खोऱ्यातली जंगलतोड, उतारावरची कापसाची आणि मक्याची शेती, वाहून गेलेली माती, आणि खाली पूर. चित्रण संपत आले असताना जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला प्रचंड पूर आला. लोरेंझने छायालेखकांना परत पाठवले, आणि आज चित्रपटाचा मध्य म्हणून जो भाग ओळखला जातो तो असा मिळाला. निवेदनात नद्यांची आणि गावांची नावे यादीसारखी येतात, आणि ती यादीच कविता होते. मागच्या वेळचा धडा घेऊन पहिला खेळ या वेळी राजधानीत न करता नदीकाठी, न्यू ऑर्लिन्सला, २९ ऑक्टोबर १९३७ला झाला. पॅरामाउंटने वितरण स्वीकारले. १९३८च्या व्हेनिस महोत्सवात त्याला सर्वोत्तम अनुबोधपटाचे पारितोषिक मिळाले. त्याच ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी ‘युनायटेड स्टेट्स फिल्म सर्व्हिस’ स्थापून लोरेंझला प्रमुख नेमले. दोन वर्षांत काँग्रेसने तिचा पैसा तोडला. या सेवेसाठी रॉबर्ट फ्लाहर्टीने १९३९ साली हाती घेतलेला ‘द लँड’ १९४२ साली तयार झाला तोवर देश युद्धात होता. उद्ध्वस्त शेतांची आणि भुकेल्या मजुरांची दृश्ये त्या वेळी कुणालाच दाखवायची नव्हती. चित्रपट जवळजवळ कपाटातच राहिला.

रंगभूमीची कथा वेगळी, कारण तिचा पैसा पहिल्या वाटेने आला होता. फेडरल थिएटर प्रोजेक्टची प्रमुख हॅली फ्लॅनगन ही व्हासार कॉलेजात नाट्यशिक्षण देणारी. बेकार नटांबरोबर बेकार पत्रकारही तिच्याकडे आले, आणि दोघांना एकत्र जुंपून ‘जिवंत वृत्तपत्र’ हा प्रकार उभा राहिला. बातम्या, न्यायालयीन निकाल, काँग्रेसमधली भाषणे यांतून छोटे प्रवेश. नेपथ्य नाममात्र, पडद्यावर मथळे आणि ध्वनिक्षेपकातून येणारा एक आवाज. १४ मार्च १९३६ला न्यूयॉर्कच्या बिल्टमोर थिएटरात आलेले ‘ट्रिपल-ए प्लाउड अंडर’ शेतीच्या पेचावर होते: युद्धकाळातली भाववाढ, मंदी, दुष्काळ, आणि शेतकऱ्याला पीक कमी घेण्यासाठी पैसे देणारा ‘ट्रिपल-ए’ कायदा, जो सर्वोच्च न्यायालयाने त्याच जानेवारीत रद्द केला होता. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचा निकाल सरकारी नाटकात रंगमंचावर यावा हे तेव्हा अनेकांना पचले नाही. फेब्रुवारी १९३७ मधले ‘पॉवर’ वीज कुणाच्या मालकीची असावी यावर होते आणि टेनेसी खोऱ्यातल्या सार्वजनिक वीज योजनेची बाजू उघड घेत होते. डब्ल्यूपीएचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनी नाटक पाहून कलावंतांची पाठ थोपटली आणि लोक याला प्रचार म्हणाले तरी म्हणू देत, अशा अर्थाचे बोलले. सहकाऱ्यांना धीर देणारे हे वाक्य विरोधकांच्या हाती आयते कोलीत ठरले.

१९३८ साली मार्टिन डाइज यांच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेस समितीने नाट्यप्रकल्पात साम्यवादी शोधायला सुरुवात केली. डिसेंबरात फ्लॅनगनची साक्ष झाली. तिच्या एका लेखात आलेला ख्रिस्तोफर मार्लो हा साम्यवादी आहे का, असे एका सदस्याने तिला विचारले. मार्लो सोळाव्या शतकातला नाटककार आहे हे तिला सांगावे लागले. हा किस्सा फार रंगवून सांगितला जातो; त्याच्या हशात मुख्य गोष्ट हरवते. समितीला कलेची जाण नव्हती हे खरे, पण सरकारी पैशाने सरकारी धोरणाची जाहिरात करावी का, हा तिचा मूळ प्रश्न निरर्थक नव्हता, आणि त्याला समाधानकारक उत्तर प्रकल्पाच्या कुणाकडेच नव्हते. ३० जून १९३९ला काँग्रेसने नाट्यप्रकल्प बंद केला. चार वर्षांत त्याचे प्रयोग तीन कोटींच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिले होते, बरेचसे विनामूल्य.

चित्रकला आणि छपाई या आघाडीवर नाटकाइतका संघर्ष झाला नाही. डब्ल्यूपीएच्या भित्तिपत्रक विभागाने रेशमी जाळीच्या छपाईचे तंत्र सुधारून वणवे, राष्ट्रीय उद्याने, आरोग्य, ग्रंथालये अशा विषयांवर लाखो प्रती छापल्या. त्यांतल्या वणवाविरोधी भित्तिपत्रकांचा सपाट, ठसठशीत रंग आजही जुना वाटत नाही. टपाल कार्यालयांतली भित्तिचित्रे अर्थखात्याच्या स्वतंत्र विभागाकडे होती. तिथे स्थानिक लोकांची पसंती महत्त्वाची मानली जाई, आणि स्थानिक लोकांना आपल्या टपाल कार्यालयात दुष्काळ नको असे. त्यामुळे बहुतेक भिंतींवर भरली शेते आणि पहिले वसाहतकार दिसतात. टेक्ससच्या फार्मर्सव्हिल गावात जेरी बायवॉटर्सने १९४१ साली मृदासंधारण हाच विषय घेतला, पण त्या भित्तिचित्रातही भर सुधारलेल्या शेतीवर आहे.

या काळातले शेवटचे ठळक प्रकरण गाण्यांचे. लोकगायक वूडी गथ्री ओक्लाहोमात जन्मला, आणि काळ्या रविवारी टेक्ससच्या पॅम्पा गावात होता. मे १९४१ मध्ये कोलंबिया नदीवरची वीज विकणाऱ्या ‘बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ने त्याला महिनाभरासाठी कामावर घेतले. पगार २६६ डॉलर ६६ सेंट. खात्याच्या गाडीतून नदीकाठ हिंडत त्याने महिन्यात २६ गाणी लिहिली. धुळीतून आलेल्या कुटुंबांना ओलिताची जमीन आणि स्वस्त वीज मिळेल हा त्यांचा सूर. एका अर्थाने धुळीच्या कथेला इथे सुखान्त जोडला गेला. पण त्या सुखान्ताची किंमत गाण्यांत नाही. कोलंबियावरच्या ग्रँड कूली धरणात मासे वर चढण्यासाठी वाट ठेवलेली नव्हती. वरच्या खोऱ्यातली साल्मन संपली, आणि कोलव्हिल व शेजारच्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या जिथे मासे धरत तो केटल फॉल्स धबधबा त्याच सुमारास जलाशयाखाली गेला. निसर्ग वाचवण्याच्या नावाखाली सरकारी पैशाने लिहिलेली ही गाणी एका नदीच्या नाशाचीही जाहिरात होती. गथ्रीला हे ठाऊक होते असे त्याच्या लिखाणातून दिसत नाही. ज्यांनी त्याला कामावर घेतले त्यांना मात्र ठाऊक असायला हरकत नव्हती.

युद्धाने उरलेले प्रकल्प आवरले. छायाचित्र विभाग १९३७ मध्ये शेतीखात्याखालच्या ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’कडे गेला होता, १९४२ साली तो युद्धप्रचाराच्या खात्याला जोडला गेला. स्ट्रायकरला आता कारखाने आणि हसरे कामगार यांची छायाचित्रे मागितली जाऊ लागली. १९४३ साली त्याने राजीनामा दिला, पण त्याआधी धडपड करून पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्हांचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ताब्यात जाईल अशी व्यवस्था केली. त्या वर्षी चित्रकलेचा प्रकल्पही संपला. १९६५ साली अमेरिकेने कलेसाठी पुन्हा राष्ट्रीय निधी उभारला तेव्हा जुन्या दोन्ही वाटा टाळल्या गेल्या. कलावंत पगारावर ठेवले नाहीत आणि विषयही नेमून दिला नाही. तज्ज्ञांच्या समित्यांनी निवडलेल्यांना अनुदान, एवढेच.

या कलेमुळे जमीन किती वाचली, हा प्रश्न सरळ सुटत नाही. शेतकऱ्याने उताराला आडवी नांगरणी स्वीकारली ती बहुतांशी त्यासाठी एकरी पैसे मिळत म्हणून. १९३४ ते १९४२ या काळात उत्तर डाकोटापासून टेक्ससपर्यंत वारा अडवणाऱ्या पट्ट्यांत सुमारे बावीस कोटी झाडे लागली ती वनखात्याच्या देखरेखीखाली, मजुरांच्या हातांनी. सरकारने सुमारे एक कोटी तेरा लाख एकर निकस जमीन विकत घेतली आणि तिच्यातल्या काही भागावर पुन्हा गवत पेरले. १९३९च्या शरद ऋतूपासून पाऊसही परतू लागला. छायाचित्रांचा आणि चित्रपटांचा वाटा या खर्चाला वर्षानुवर्षे मंजुरी मिळत राहण्यात शोधावा लागतो, आणि तो आकड्यांत मांडता येत नाही.

कलेने सांगितलेले कारण बरोबर होते का, यावरही इतिहासकारांचे एकमत नाही. कॅन्ससच्या जेम्स मेलिन यांनी जुनी कागदपत्रे काढून दाखवले की नांगर येण्यापूर्वीही मैदानांवर धुळीची वादळे होत. १९७९ साली एकाच विषयावर दोन पुस्तके निघाली: डोनाल्ड वॉर्स्टर यांनी जमिनीकडे भांडवल म्हणून पाहण्याच्या वृत्तीला दोषी ठरवले, तर पॉल बॉनिफील्ड यांनी टिकून राहिलेल्या शेतकऱ्यांच्या चिवटपणाची बाजू घेऊन सरकारी योजनांवर टीका केली. स्ट्रँड आणि लोरेंझ यांच्यातले भांडण चाळीस वर्षांनी वेगळ्या पात्रांनिशी पुन्हा उभे राहिले म्हणायचे. २००९ साली बेंजामिन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिमानांच्या आधारे मांडले की महासागरांच्या पृष्ठभागाच्या तापमानातल्या बदलांनी दुष्काळ सुरू झाला, पण उघड्या पडलेल्या जमिनीवरून उडालेल्या धुळीने तो अधिक तीव्र केला आणि उत्तरेकडे पसरवला. नांगराचा दोष त्यांच्या हिशेबात राहतो, पण दुष्काळाच्या सुरुवातीचा दोष त्याच्यावर येत नाही.